खाजणकार आणि साक्षी : हॅरिसन दांपत्याच्या कलेचा इतिहास

आज जो विषय आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत तो काहींस अपरिचित, तर काहींस थोडा विक्षिप्तही वाटण्याचा संभव आहे. चित्र म्हटले की रंग आणि शिल्प म्हटले की दगड किंवा धातू, हा आपला रूढ संकेत. ज्या कलावंतांनी संग्रहालयात माती कालवली, कुरण पेरले, मासे पोसले, खेकड्यांसाठी पाऊस पाडला आणि अखेरीस नद्यांचे भिंतीएवढे नकाशे लावून लोकांना वादाला बोलावले, त्यांस कलावंत म्हणावे की नाही, येथपासूनच मतभेदास प्रारंभ होतो. परंतु एखादी वस्तू चौथऱ्यावर न ठेवता सारी जागाच कलाकृती म्हणून रचावयाची, या प्रकारास मराठीत 'मांडणशिल्प' हा चांगला शब्द आता रुळला आहे. त्या मांडणशिल्पाच्या इतिहासात निसर्गाचा प्रश्न हाच ज्यांनी आपला आयुष्यभराचा विषय केला आणि तोही दोघांनी मिळून केला, असे एक अमेरिकन दांपत्य होऊन गेले. हेलन मेयर हॅरिसन आणि न्यूटन हॅरिसन ही त्यांची नावे.

दोघांचाही जन्म न्यूयॉर्क शहरातला. हेलन यांचा १९२७ सालचा, न्यूटन यांचा १९३२ सालचा. १९५३ साली त्यांचा विवाह झाला. हेलन यांचे शिक्षण साहित्य आणि शिक्षणशास्त्र या विषयांतले. अण्वस्त्रांच्या चाचण्यांविरुद्ध अमेरिकेतील स्त्रियांनी जी शांतता-चळवळ उभारली, तिच्या न्यूयॉर्कमधील कामाची सूत्रे १९६२ साली प्रथम त्यांच्याकडे होती. त्याच वर्षी रेचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कीटकनाशकांनी पाखरे मेली तर वसंत मुका होईल, हा इशारा त्याच्या नावातच आहे. वसंतात भरणाऱ्या या ज्ञानसत्रात त्याचे स्मरण होणे स्वाभाविक होय. न्यूटन हे मूळचे शिल्पकार. येल विद्यापीठातून शिकून ते १९६७ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील विद्यापीठात अध्यापक झाले. त्यांचे त्या काळातले काम वायू भरलेल्या काचनळ्यांत विजेने रंगीत प्रकाश खेळविण्याचे होते, आणि ते जपानात ओसाका येथील १९७० च्या जागतिक प्रदर्शनात मांडलेही गेले. यंत्रयुगाचा उत्साह त्या वेळी ओसंडून वाहत होता. अशा मनुष्याने त्याच सुमारास सारे टाकून मातीत हात घातले, ही घटना लक्षात घेण्याजोगी आहे.

मातीत हात घातले हे आम्ही शब्दशः म्हणतो. वाळू, चिकणमाती, शेण, पालापाचोळा आणि सांडपाण्याचा गाळ एकत्र करून, तो ढीग महिनोन्‌महिने वरखाली करीत, पाणी घालीत न्यूटन यांनी सकस माती तयार केली. या कामाचे नावच 'मेकिंग अर्थ', म्हणजे माती घडविणे. येथे आपल्यापैकी कोणीही म्हणेल की, हे तर आमचा शेतकरी खतखड्ड्यात दरवर्षी करतो, आणि त्याला कोणी कलावंत म्हणत नाही! आक्षेप रास्त आहे. आम्हांसही तो प्रथम तसाच वाटला. परंतु ज्या समाजाला अन्न डब्यातून मिळते आणि माती म्हणजे बुटाला लागणारी घाण एवढेच ज्याच्या अनुभवास येते, त्या समाजात माती ही घडावी लागते, तिला वेळ लागतो आणि ती संपू शकते, हे दाखवून देणे म्हणजे विसरलेली गोष्ट डोळ्यांपुढे उभी करणे होय. कलेचे काम याहून वेगळे ते काय असते?

यानंतर १९७१ व १९७२ या दोन वर्षांत 'सर्व्हायव्हल पीसेस' म्हणजे 'तगण्याच्या कृती' नावाची मालिका निर्माण झाली. बोस्टनच्या ललितकला-संग्रहालयात त्यांनी लाकडी पेटीत, दिव्यांच्या प्रकाशात हिरवे कुरण उगवले. डुकराने ते उकरावे, खावे अशी मूळ योजना. परंतु जिवंत डुकराला संग्रहालयाने प्रवेश नाकारला आणि कुरण चरणाऱ्याविना राहिले. लॉस एंजेलिसला त्यांनी मिठागराची प्रतिकृती केली. निरनिराळ्या खारटपणाच्या उथळ तळ्यांत सूक्ष्म शेवाळ सोडले. क्षार वाढेल तसा त्याचा हिरवा रंग पालटत तांबडा होत जातो. मग त्यात शेवाळ खाणारे, कोळंबीच्या कुळातले बारीक जीव सोडले. त्यांनी शेवाळ फस्त केले की पाण्याचा रंग उतरे. चित्रकाराने रंग लावावा त्याऐवजी जीवांनीच तो लावावा आणि जीवांनीच खाऊन टाकावा, अशी ही रचना. फुलर्टन येथे १९७२ साली त्यांनी अठरा लिंबूवर्गीय झाडे दालनात लावली. तो ऑरेंज परगणा, नावाप्रमाणेच संत्र्यांचा. पण वस्त्यांच्या रेट्याखाली बागा झपाट्याने नाहीशा होत होत्या. उद्या बागा राहिल्याच नाहीत तर संत्रे घरात, दिव्याखाली पिकवावे लागेल, हा त्यातला उपरोध. तो पन्नास वर्षांनीही शिळा झाला नाही, कारण न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने २०२४ साली ती बाग पुन्हा उभी केली.

परंतु या मालिकेतील सर्वांत गाजलेली घटना लंडनची. १९७१ च्या शरदात हेवर्ड गॅलरीत लॉस एंजेलिसच्या अकरा कलावंतांचे प्रदर्शन भरले. त्यात न्यूटन यांनी टाक्यांतील मत्स्यशेती मांडली. मिशाळ मासे टाकीत वाढवावयाचे, विजेचा धक्का देऊन मारावयाचे आणि रांधून पाहुण्यांना वाढावयाचे, असा कार्यक्रम ठरला. बातमी फुटताच एकच काहूर उठले. प्राणिदयेचा कैवार घेणारे लोक चवताळले. स्पाइक मिलिगन या प्रसिद्ध विनोदी नटाने निषेध म्हणून गॅलरीची काच फोडली. वृत्तपत्रांना तर पर्वणीच लाभली. अखेर मासे लोकांसमोर मारावयाचे नाहीत असे ठरले, आणि वाद शमला.

या प्रसंगी दोन्ही बाजूंचे ऐकून घेणे उचित होईल. कलावंताचे म्हणणे असे की, लंडनात रोज मणावारी मासळी मरते आणि खाल्ली जाते. मरण डोळ्यांआड आहे तोवर कोणाचे मन दुखत नाही. ते उघड झाले की मात्र काचा फुटतात. हे म्हणणे खोटे नाही. परंतु विरोधकांच्या बोलण्यातही तथ्य होते. प्रेक्षकाला धडा देण्यासाठी दुसऱ्याचा जीव वापरावा काय? जो जीव आपण मांडणीत आणला, त्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी मांडणी उठल्यावर संपते काय? पुढची कामे पाहता या दुसऱ्या प्रश्नाने त्या दांपत्याचा पाठलाग केला, असे आम्हांस वाटते. ह्या सुमारासच दोघांनी दोन गोष्टी ठरविल्या. एक, निसर्गाच्या हिताचे नसेल असे काम हाती घ्यावयाचे नाही. दुसरी, काम दोघांच्या नावाने करावयाचे. तोवर प्रदर्शनात नाव न्यूटन यांचे लागे आणि हेलन यांचे श्रम मागे राहत. आता दोघे मिळून एक कलावंत झाले. एकट्याने काढलेल्या चित्रात एक मत पुरते. दोघांच्या कामात प्रश्न आणि उत्तर दोन्ही आले पाहिजेत, हा त्या निर्णयाचा परिणाम त्यांच्या सर्वांत मोठ्या कृतीत स्पष्ट दिसतो.

त्या कृतीचे नाव 'द लगून सायकल'. भरतीचे पाणी आतबाहेर करणाऱ्या उथळ खाऱ्या सरोवरास लगून म्हणतात. आपल्या कोकणपट्टीतील खाजणाशी त्याचे नाते जवळचे, म्हणून आम्ही या कृतीस 'खाजणचक्र' म्हणू. हे काम १९७४ ते १९८४ अशी दहा वर्षे चालले. छायाचित्रे, नकाशे, रंगकाम आणि हस्तलिखित मजकूर यांचे सात 'खाजणांत' विभागलेले हे मोठे भिंतीचित्र सुमारे ३५० फूट लांबीचे आहे. मजकूर म्हणजे दोन पात्रांचा संवाद. एक खाजणकार, दुसरी साक्षी. खाजणकाराला काही तरी करावयाचे असते. साक्षी विचारते, यातून पुढे काय होईल? आपल्या उपनिषदांत एकाच झाडावर बसलेल्या दोन पाखरांचे रूपक आहे. एक फळ खाते, दुसरे नुसते पाहते. परंतु आपला साक्षी निर्विकार. ही साक्षी मात्र बोलते, अडविते, आणि प्रसंगी खाजणकाराचे म्हणणे स्वतःच्या तोंडी घेते. हा भेद महत्त्वाचा आहे.

कथेचा आरंभ एका खेकड्यापासून होतो. संग्रहालयाच्या टाकीतही तग धरील असा चिवट आणि खाण्याजोगा जीव त्यांना हवा होता. श्रीलंकेचे पारिस्थितिकीतज्ज्ञ रानिल सेनानायके यांच्याकडून त्यांना तेथल्या खाजणातील खेकड्याची माहिती मिळाली. शास्त्रज्ञ त्यास सायला सेराटा म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर तो परका नाही. कोकणातली खाडीची चिंबोरी ती हीच. अमावास्येला चिंबोरी मांसाने भरलेली असते असे जाणकार सांगतात, आणि तिचे कालवण ज्याने खाल्ले त्यास या कलावंतांच्या निवडीचे आश्चर्य वाटणार नाही. खेकडे श्रीलंकेतून कॅलिफोर्नियात आले. टाक्यांत कोंडल्यावर ते एकमेकांस खाऊ लागले, म्हणून त्यांना आडोसे करून द्यावे लागले. वीण मात्र होईना. तेव्हा त्यांच्या मायदेशी पाऊसकाळात काय घडते याचा विचार करून रबरी नळीने टाकीत पाण्याची धार सोडण्यात आली. नळीचा तो मान्सून खेकड्यांनी खरा मानला आणि ते जुगले! या प्रयोगासाठी त्यांना सागरी संशोधनाचे अनुदानही मिळाले. कलावंताला असे अनुदान मिळणे तेव्हा नवलाचेच होते.

येथे दुसरा एखादा यशाच्या आनंदात थांबला असता. परंतु साक्षीचा प्रश्न उभा राहतोच : नळी म्हणजे पाऊस नव्हे आणि टाकी म्हणजे खाजण नव्हे. टाकीतील प्रत्येक उणीव आपण भरून काढावयाची, तर पाणी, वीज, खाद्य, देखरेख यांचा भार वाढतच जाणार. खऱ्या खाजणात हा भार कोण वाहते? भरती वाहते, तिवरांची मुळे वाहतात, कुजलेले पान वाहते. त्याचे बिल कोणी आकारीत नाही, म्हणून त्याची किंमत आपल्या ध्यानात येत नाही.

याच विचाराला श्रीलंकेच्या शेतीतले एक उदाहरण जोडले आहे, ते आपल्या श्रोत्यांस विशेष पटेल. म्हैस आणि ट्रॅक्टर यांची ती तुलना. ट्रॅक्टर नांगरट झपाट्याने करतो यात शंका नाही. म्हैस हळू चालते. परंतु ती दूध देते, शेण देते, आणि आपले वासरूही देते. शिवाय ती डबक्यात लोळते. ते डबके उन्हाळ्यात माशांचा आसरा होते. ते मासे डासांची अंडीअळ्या खातात, आणि पाऊस पडला की पुन्हा भातखाचरांत पसरतात. काठच्या झुडपांत साप राहतात, ते उंदरांना आवर घालतात. ट्रॅक्टर आला, म्हैस गेली, डबके बुजले. मग डासांसाठी एक औषध, उंदरांसाठी दुसरे, आणि जमिनीसाठी खताची पिशवी. नांगरटीच्या हिशेबात यांपैकी एकही रकम धरलेली नव्हती. यंत्राला सरसकट नावे ठेवावीत असा आमचा आग्रह नाही. ज्याच्या कमरेला नांगराचा कळ ठाऊक आहे त्याला यंत्राचे सुख कळते. मुद्दा हिशेबाचा आहे. हिशेब कोठवर मांडावयाचा, हा तो मुद्दा.

खेकड्यांसाठी मोठी जागा म्हणून त्या दोघांचे लक्ष कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सॉल्टन सरोवराकडे गेले. या सरोवराचा जन्म मानवी चुकीतून झाला. १९०५ साली कोलोरॅडो नदी पाटबंधाऱ्याचा कालवा फोडून समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या खोलगट भूमीत शिरली आणि सुमारे दोन वर्षे तेथेच वाहत राहिली. पाण्याला बाहेर पडण्यास वाट नाही. शेतांतून निथळणारे पाणी क्षार आणते, ऊन पाणी उडविते, क्षार मागे राहतात. खाजणकाराने मोठा बेत केला : एका बाजूने प्रशांत महासागर आणि दुसऱ्या बाजूने कॅलिफोर्नियाचे आखात यांना कालव्यांनी जोडून सरोवर धुऊन काढावे. मग साक्षीबरोबर हिशेब सुरू झाला. पाणी उचलण्याची शक्ती कोठून आणावी? धुतलेले मीठ आणि विष कोणाच्या दारात टाकावे? ज्या नदीतून हे सारे उद्भवले त्या कोलोरॅडोचेच पाणी सात राज्यांनी आणि मेक्सिकोने वाटून घेतलेले, त्याचे काय? खेकड्यापासून निघालेला प्रश्न सबंध नदीच्या पाणलोटापर्यंत पोचला आणि बेत त्यांनी स्वतःच बाजूस ठेवला. कलावंताने आपली सर्वांत भव्य कल्पना आपल्याच कलाकृतीत खोडून दाखवावी, अशी उदाहरणे फार थोडी. सॉल्टन सरोवर आज समुद्राहून किती तरी खारट झाले असून ते आटत चालले आहे, आणि त्याच्या उघड्या पडलेल्या तळाची धूळ आसपासच्या वस्त्यांच्या छातीत जात आहे.

सातव्या आणि शेवटच्या खाजणात दृष्टी पृथ्वीएवढी होते. हवा तापून बर्फ वितळेल, समुद्र चढेल आणि किनारे मागे सरतील; तेव्हा माणसे एकमेकांना जागा देतील काय, असा तेथे प्रश्न आहे. हे १९८४ सालचे काम आहे. त्या वेळी हा विषय शास्त्रज्ञांच्या परिषदांपलीकडे फारसा गेला नव्हता. पुढे २००७ ते २००९ या काळात त्यांनी ब्रिटनच्या बेटाचा नकाशा घेऊन, समुद्र चढल्यास माघार कशी शहाणपणाने घ्यावी, यावर स्वतंत्र प्रदर्शनच केले.

खाजणचक्रानंतर त्यांची रीत ठरून गेली. कोणी बोलावले तर जावयाचे, शेतकरी, अभियंते, वनस्पतिशास्त्रज्ञ, अधिकारी यांचे ऐकावयाचे, आणि 'येथे' म्हणजे नेमके किती, हा प्रश्न विचारून मोठा नकाशा काढावयाचा. जर्मनीत बॉन येथे १९९६ साली, उखडले जाणार असलेले चारशे वर्षांचे जुने गवताळ कुरण त्यांनी आयफेल प्रदेशातून आणून कला-दालनाच्या छपरावर लावले. लोक छपरावर जाऊन, पूर्वी गवत म्हणून ज्याकडे पाहिलेही नव्हते, त्यातल्या फुलांच्या जाती मोजू लागले. त्या कुरणाचे बी पुढे शहराच्या उद्यानात पेरले गेले. युगोस्लाव्हियातील सावा नदीसाठी केलेली योजना मात्र युद्धाच्या वणव्यात सापडली. इतर अनेक योजना नकाशावरच राहिल्या.

येथे टीकाकार विचारतील, आणि विचारलेच पाहिजे, की कागदावरच्या नद्यांनी खऱ्या नदीचे काय भले झाले? या प्रश्नाला आम्ही बगल देणार नाही. त्यांच्या बऱ्याच योजनांपासून एक थेंबही पाणी शुद्ध झाले नाही. परदेशी खेकडा नव्या पाण्यात सोडण्याची मूळ कल्पनाही आजच्या ज्ञानाने धोक्याचीच ठरेल. परंतु दुसरी बाजू अशी की धरणे, कालवे, वसाहती यांच्या योजनाही प्रथम कागदावरच असतात. त्या कागदांवर नदी म्हणजे एक निळी रेघ असते. त्या रेघेला तिचे डोंगर, तिची माणसे, तिचे मासे परत जोडून दाखविणारा दुसरा कागद कोणी तरी काढला पाहिजे. हे काम अभियंत्याला त्याची कचेरी करू देत नाही. शास्त्रज्ञ आपापल्या विषयाच्या कुंपणात असतो. म्हणून ते कलावंताने केले, तर त्याने आपला प्रांत सोडला असे म्हणता येत नाही.

आणि हा विचार सातासमुद्रांपलीकडचाच आहे असेही नाही. मुंबईच्या चित्रकर्त्री नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमधील कोंडागाव परिसरात तेथील आदिवासी व कारागीर कलावंतांबरोबर गावोगावच्या हातपंपांभोवती 'नलपार' नावाच्या रचना केल्या. सांडलेल्या पाण्याचा निचरा व्हावा, आणि डोक्यावर हंडा घेण्यापूर्वी तो टेकविण्यास बाईच्या उंचीला कट्टा असावा, ही त्यांतली दृष्टी. हॅरिसन दांपत्याचा नकाशा हिमनगापर्यंत जातो, नलपारचा कट्टा खांद्यापर्यंत येतो; परंतु पाणी कोठून येते, कोण वाहते आणि कोठे जाते, हे विचारण्याची रीत एकच. दोन्हीकडे एकट्याच्या प्रतिभेपेक्षा अनेकांच्या बोलण्याला मान आहे.

हेलन २०१८ साली वारल्या, न्यूटन २०२२ साली. त्यापूर्वी, २०१२ साली, एक छोटीशी गोष्ट घडली. लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात ते जुने बोस्टनचे कुरण पुन्हा पेरण्यात आले आणि या वेळी त्यात खरोखरीची डुकरीण सोडण्यात आली. तिने मनसोक्त उकरले. पहिल्या मांडणीत जे उणे राहिले होते ते एकेचाळीस वर्षांनी पुरे झाले.

आमच्यापुरते बोलावयाचे तर या इतिहासातून आम्ही 'येथे' म्हणजे किती, हा एकच प्रश्न घरी नेतो. पुणेकराने मुठेच्या पुलावर उभे राहून तो विचारावा. त्याच्या मोरीतले पाणी मुळा-मुठेतून भीमेत जाते, भीमेतून उजनीच्या धरणात, आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितो. तेव्हा पुण्याचे 'येथे' सोलापूरच्या माठापर्यंत पोचते. हा नकाशा काढण्यास फार मोठी कला लागत नाही. पुलावर खाजणकार पुष्कळ आहेत. शेजारी उभी राहून प्रश्न विचारणारी साक्षी मात्र आपण प्रत्येकाने व्हावयाची आहे.